पहिली बिडी कोणी दिली?

भुसावळला गेलो की शिकलेली माणसं आम्हाला सुनावतात, "तुमची पोरं मिसरूड फुटायच्या आत बिडी ओढतात. अडाणी ते अडाणीच!" आम्ही विचारतो, पोराला पहिली बिडी दिली कोणी?

बापाने उचल घेऊन साल धरलेलं. उचल फिटली नाही, म्हणून पोरगाही शाळा सोडून त्याच शेतात. यावल-रावेरकडे केळीचे घड वाहताना दुपारी भाकर नाही, चहा-बिडी मिळते. बिडीने भूक मरते, मुकादमाचं काम उरकतं. मालकाचा पोरगाही ओढतो; पण तो खोकला तर डॉक्टरकडे जातो. आमचा खोकला तर रोज बुडतो.

आणि बिडीचं पान? टेंभुर्णीचं, आपल्याच जंगलातलं. १९६९ च्या कायद्याने त्याचा व्यापार सरकारने हाती घेतला. उन्हात पुडकी आम्ही बांधायची, भाव दुसऱ्याने ठरवायचा, आणि तेच पान विकत घेऊन आपल्याच छातीत जाळायचं!

कसतो ती वनजमीन नावावर झाली, तर पोराला साल धरावं लागणार नाही. पण तोवर बिडी ओढत बसायचं का? छाती पोखरलेला गडी मोर्चाला डोंगर कसा उतरेल? तेव्हा गावोगाव बैठकीत ठरवा : कामावर बिडी घ्यायची नाही, भाकरीची सुट्टी आणि पुरी मजुरी मागायची.