संकल्प की आमिष?

पाडव्याच्या दिवशी देवळाच्या मंडपात जोशीबुवा नव्या वर्षाचे संवत्सरफल वाचून दाखवतात. यंदा पाऊस कसा, धान्य स्वस्त की महाग, कोणत्या राशीला लाभ आणि कोणत्या राशीला पीडा, हे सारे गावचा शेतकरी मन लावून ऐकतो, जोशीबुवांना दक्षिणा देतो आणि घरी जाऊन बियाण्याची व बांधबंदिस्तीची तजवीज करतो. पाऊस उत्तम सांगितला म्हणून तो बांध मोकळा सोडीत नाही आणि अवर्षण सांगितले म्हणून पेरणी टाळीत नाही. भविष्य ऐकावे, पण शेत स्वतःच्या अनुभवाने करावे, हा विवेक त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. विज्ञानाचा अभिमान मिरवणाऱ्या सुशिक्षित समाजाने मात्र एका बाजारात हा विवेक गहाण टाकलेला दिसतो. तो बाजार म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरचा.

प्रोसेसर म्हणजे संगणकाची सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप. इंटेल, एएमडी, ॲपल, क्वालकॉम या कंपन्या तिची नवी पिढी साधारणतः वर्षा-दोन वर्षांनी बाजारात आणतात आणि ती येण्यापूर्वी कित्येक महिने तिच्याविषयीच्या वार्तांना ऊत येतो. अजून जन्माला न आलेल्या या अपत्यांची बारशी आधीच झालेली असतात. इंटेलने तर तळ्यांच्या नावांची मालिकाच चालवली आहे: अल्डर लेक, रॅप्टर लेक, मीटिऑर लेक, ॲरो लेक. कुठल्याशा चाचणीच्या यादीत एखाद्या अनामिक नमुन्याचा आकडा झळकतो आणि तेवढ्यावरून नवी चिप जुनीपेक्षा इतके टक्के वेगवान असल्याचा निर्वाळा दिला जातो. मौजेची गोष्ट अशी की, या ज्योतिषाला आपल्या देशाचाही हातभार लागलेला आहे. या कंपन्यांची मोठी अभिकल्प-केंद्रे बंगळुरू आणि हैदराबाद येथे असल्यामुळे चाचणीचे नमुने भारतात येतात. त्यांच्या आयातीच्या नोंदी व्यापारी माहिती पुरवणाऱ्यांच्या हाती पडतात आणि सातासमुद्रापलीकडचे तर्कपंडित त्या नोंदीतील एका ओळीवरून पुढल्या वर्षाच्या चिपची कुंडली मांडतात!

हे नुसते कुतूहल असते तर तक्रारीला कारण नव्हते. कसोटी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर संघ निवडणाऱ्यांचा आनंद आम्ही कधी हिरावून घेतलेला नाही. परंतु ज्या घरात पाच-सात वर्षांतून एकदाच, आणि तोही हप्त्याने, संगणक घेतला जातो, त्या घरच्या मुलाला ‘आता घेऊ नकोस, दिवाळीनंतर नवी पिढी येते आहे’ असा सल्ला मिळतो. दिवाळी सरली की ‘उन्हाळ्यात त्याहून सरस येते आहे’ असे सांगितले जाते. शैक्षणिक वर्ष मात्र कोणासाठी खोळंबत नाही. या खोळंब्याची किंमत कोण मोजतो, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

भाकीत ही मूळची वाईट वस्तू नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन नियतकालिकात असे भाकीत केले की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल आणि निदान दहा वर्षे तरी हा क्रम टिकेल. १९७५ साली त्यांनी स्वतःच ही मुदत दोन वर्षांवर नेली. पुढे लोक याला ‘मूरचा नियम’ म्हणू लागले. पण गुरुत्वाकर्षणासारखा तो निसर्गाचा नियम कधीच नव्हता. यंत्रे बांधणारे, रसायने शुद्ध करणारे, आराखडे आखणारे हजारो तंत्रज्ञ त्या भाकितालाच वेळापत्रक मानून कामाला लागले, म्हणून ते खरे ठरले. १९७१ साली एका जपानी गणकयंत्रासाठी घडवलेल्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली आलेल्या ॲपलच्या एम१ चिपवर ते १,६०० कोटी होते. अर्धशतकातील ही झेप कोणाच्या बढाईने झालेली नाही. भाकीत जेव्हा सांगणाऱ्याला कामाला बांधून घेते, तेव्हा तो संकल्प असतो. ते जेव्हा ऐकणाऱ्याला खोळंबून ठेवते, तेव्हा ते आमिष असते. दोहोंची भाषा एकच असते, हीच सामान्य माणसाची अडचण आहे.

संकल्पाचे आमिष कसे होते, याचे दाखले याच व्यवसायाच्या इतिहासात आहेत. या शतकाच्या आरंभी इंटेलच्या गोटातून १० गिगाहर्ट्झची भाषा ऐकू येत होती. प्रत्यक्षात वेग वाढवावा तशी चिप तापू लागली, वीज वाया जाऊ लागली आणि २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ देखील कंपनीला रद्द करावा लागला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्या वर्षी एका जाहीर सभेत व्यासपीठावर अर्धे गमतीने, अर्धे खऱ्याने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. पुढे त्याच कंपनीची ‘१० नॅनोमीटर’ची निर्मितीप्रक्रिया मूळ वेळापत्रकाप्रमाणे २०१६ च्या सुमारास यायची होती, ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली २०१९ मध्ये. निसर्ग कोणाच्या प्रसिद्धिपत्रकाला बांधलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

पण उशीर हा त्यातल्या त्यात सौम्य अपराध. न आलेल्या वस्तूच्या नुसत्या दराऱ्याने असलेली चांगली वस्तू मारली जाते, तेव्हा नुकसान भरून येत नाही. १९९४ साली ह्युलेट-पॅकार्ड आणि इंटेल यांनी नव्या धर्तीच्या प्रोसेसरसाठी हातमिळवणी केली. पुढे इटॅनियम म्हणून ओळखली गेलेली ही चिप सारे जग व्यापणार, असा डंका वर्षानुवर्षे वाजत राहिला. ती अवतरली २००१ साली. त्याच वर्षी कॉम्पॅक कंपनीने अल्फा हा आपल्या काळातील अत्यंत वेगवान प्रोसेसर आवरता घेऊन इटॅनियमची कास धरण्याचे जाहीर केले. इटॅनियमने जग व्यापले नाहीच. रखडत रखडत २०२१ साली तिची पाठवणीही थांबली. एका भाकिताने एक चालता घोडा तबेल्यातून बाहेर काढला आणि त्याच्या जागी बांधला तो कागदी निघाला!

हे शस्त्र कधी कधी धारकावरही उलटते. तमिळनाडूत तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या सान्निध्यात ज्यांचे बालपण गेले, त्या ॲडम ऑस्बर्न यांनी १९८१ साली अमेरिकेत हाती वाहून नेण्याजोगा संगणक विकायला काढला आणि तो धडाक्याने खपला. १९८३ च्या आरंभी त्यांनी पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राची वाच्यता केली. ग्राहक थांबले, दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रे आणि कंपनीचा ढिसाळ कारभारही त्याला कारण झाला, असे जाणकार सांगतात आणि ते खरेच असावे. तरीही अकाली घोषणेने स्वतःच्याच चालत्या मालावर पाणी ओतण्याला आजही ‘ऑस्बर्न परिणाम’ म्हणतात. दुर्दैव असे की, मोठ्या कंपन्यांनी त्यातून मौनाचा धडा घेतला नाही. प्रतिस्पर्ध्याचा माल पडून राहील इतपत बोलावे आणि आपला पडून राहू नये इतपत गप्प बसावे, ही कला त्यांनी आत्मसात केली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. इंटेलने घरगुती संगणकांच्या मुख्य मालिकेत जवळजवळ दशकभर चार गाभ्यांपलीकडे पाऊल टाकले नव्हते. २०१७ साली एएमडीचा रायझन आला आणि एकदम आठ गाभे सामान्यांच्या आवाक्यात आले. २०१६ साली जो थांबला, तो शहाणाच ठरला नाही काय? ठरला, हे आम्ही मान्य करतो. पण याच एएमडीच्या बुलडोझरसाठी २०११ साली लोक असेच डोळ्यांत प्राण आणून थांबले होते आणि तो आल्यावर त्यांच्या पदरी निराशा पडली. दोन्ही वेळच्या भाकितांचा सूर एकच होता. खरे कोणते आणि पोकळ कोणते, हे वस्तू हाती पडेपर्यंत उमगले नाही. ज्या ज्योतिषाचे भाकीत कधी अचूक आणि कधी पूर्ण चुकीचे निघते, त्याच्या भरवशावर घरचे अंदाजपत्रक कसे मांडावे?

अलीकडचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या गाजावाजाने आलेली इंटेलची ॲरो लेक चिप विजेची बचत करणारी असली तरी खेळांच्या कित्येक चाचण्यांत आपल्याच आधीच्या पिढीच्या मागे पडली. पदार्पण ठरल्याप्रमाणे झाले नाही, अशी कबुली कंपनीच्या अधिकाऱ्याने दिली. त्या आधीच्या दोन पिढ्यांतील काही चिपांमध्ये विद्युतदाबाशी निगडित दोष असल्याचे २०२४ साली उघड झाले आणि कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. यातील पहिली पिढी बाजारात आली होती २०२२ मध्ये. म्हणजे दोष कळायला दोन वर्षे लागली. नवीन ते निर्दोषच, हा समज किती भाबडा आहे, ते यावरून दिसते. आणि २०२५ साली ‘पुढच्या पिढीची वाट पाहू’ म्हणत जे थांबले, त्यांच्यावर वर्षअखेरीस निराळेच संकट कोसळले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिपांची एवढी मागणी नोंदवली की, सामान्य संगणकाच्या मेमरीचे भाव भडकले. प्रोसेसरमध्ये वाचवू म्हटलेले पैसे मेमरीत गेले. संगणक म्हणजे एकटा प्रोसेसर नव्हे, हे भाकिते ऐकण्याच्या नादात विसरले गेले होते.

या रोगाची लागण केवळ अमेरिकन कंपन्यांना झाली आहे, असे समजून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. २०२२ साली वेदान्त आणि फॉक्सकॉन यांच्या १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या नियोजित चिप प्रकल्पावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला! तळेगावचा प्रकल्प गुजरातला पळवला म्हणून सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, या म्हणीचे इतके चोख उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

याउलट संकल्पाचीही उदाहरणे आपल्यापाशी आहेत. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातील प्रोसेसर विदेशी होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण तीन वर्षांची मुदत बोलली गेली आणि पाळली गेली. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याने १९८४ साली उत्पादन सुरू केले आणि १९८९ च्या आगीत तो होरपळला. त्याच मोहालीत घडलेला, इस्रोच्या अग्निबाणांसाठीचा विक्रम ३२०१ हा ३२ बिटांचा प्रोसेसर पीएसएलव्हीच्या डिसेंबर २०२४ मधील उड्डाणात अवकाशात पारखला गेला, आणि त्याचे जाहीर कौतुक झाले ते २०२५ साली. घरच्या संगणकाच्या चिपशी वेगात त्याची तुलनाही होणार नाही. त्याचे काम निराळे आहे. आधी कसोटी आणि मग घोषणा, हा क्रम मात्र कोणीही त्याच्यापासून शिकावा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, संगणक घेणाऱ्याने प्रथम आपले काम काय, ते ठरवावे. पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास यांसाठी एक-दोन वर्षांपूर्वीची चिप पुरून उरते आणि नवी पिढी आली की तिचे भावही बहुधा उतरतात. गरज आज असेल तर आज घ्यावा. विक्रीची तारीख आणि किंमत दोन्ही जाहीर झाली असतील, तरच चार-सहा आठवडे थांबण्यात अर्थ आहे. तेही कंपनीच्या तक्त्यांवर नव्हे, तर स्वतंत्र चाचण्यांवर विसंबून. शाळांसाठी आणि कचेऱ्यांसाठी खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यांनी तर निविदेत पिढीचे नाव लिहिण्याऐवजी कामाचे स्वरूप लिहावे. आणि आम्हा वृत्तपत्रांनीही कंपन्यांची प्रसिद्धिपत्रके बातमीच्या जागी छापण्याची सवय सोडून अफवेला अफवा म्हणावे. या पापातून आम्ही स्वतःला वगळू इच्छित नाही.

उद्याची चिप आजच्यापेक्षा चांगली असेल, यात शंका नाही. परवाची उद्याच्यापेक्षाही चांगली असेल. या न्यायाने खरेदीचा मुहूर्त कधीच यायचा नाही. संवत्सरफल अवश्य ऐकावे, आवडल्यास दक्षिणाही द्यावी. पण मृग लागला की पेरणीला उशीर करू नये.