तक्रार आली नाही म्हणजे बग नाही?

बडोद्यात व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ग्राहक नव्या फीचरचे पैसे देतो, बग काढण्याचे देत नाही. तेव्हा आधी विकलं जाईल ते बनवा. जुन्याबद्दल कुणी ओरडलं तर बघू. असं म्हणणाऱ्यांना दर महिन्याला पगार करायचे असतात, त्यांची ओढाताण खरी आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी कौन्सिलने नवे दर ठरवले आणि २२ तारखेला, ऐन घटस्थापनेला, ते लागू झाले. मधे जेमतेम एकोणीस दिवस. तूप १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. आता समजा, हाथीखाना बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याने ऑगस्टमध्ये दहा हजारांचं तूप विकलं आणि दुकानदाराने ते ऑक्टोबरात परत केलं. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटवर मूळ विक्रीच्या वेळचाच दर लागतो, म्हणजे रक्कम ११,२०० रुपये. पण सॉफ्टवेअर बिलासोबत दर साठवत नसेल आणि दरवेळी आयटम मास्टरमधून, म्हणजे मालाच्या चालू यादीतून, उचलत असेल, तर नोट निघणार १०,५०० ची. सातशे रुपये दुकानदाराच्या खिशातून गेले, व्यापाऱ्याचं रिटर्न चुकलं ते वेगळंच. जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावरही ५ टक्केच.

हा बग घटस्थापनेला जन्मलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून कोडमध्ये बसलेला होता. दर बदलले नव्हते म्हणून बिलं बरोबर येत होती आणि तक्रार नव्हती, एवढंच. शिवाय असा बग मागाहून काढणं महागात पडतं. कुठल्या बिलाला कुठला दर होता हे साठवलेलंच नसतं. मग तारखा लावून एकेक बिल जुळवत बसा.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, सगळे दोष संपेपर्यंत नवं काही नको. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणाली १९९० मध्ये अशीच गोठवली. त्यानंतर फक्त चुका दुरुस्त झाल्या. अक्षरजुळणीत ते शोभलं. करकायदा असा थांबत नाही, आणि एकोणीस दिवसांत दर बदलायचे तर आधीचं कोड निरोगीच हवं. म्हणून दुरुस्ती ही नव्या कामाची वैरी नाही, ती त्याची पूर्वतयारी आहे.

नवं काम आणि दुरुस्ती यांचा तोल साधायला गूगलच्या अभियंत्यांनी 'एरर बजेट'ची पद्धत रूढ केली. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायची असं ठरलं, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद पडण्याची मुभा. ती संपली की नवी रिलीज बंद, सगळे हात दुरुस्तीला. मला ही पद्धत पटते, पण बिलिंगमध्ये मिनिटं मोजून भागणार नाही. बंद पडलेलं सॉफ्टवेअर निदान दिसतं. चुकीचा कर लावणारं सॉफ्टवेअर दिवसभर हसतमुख चालू असतं. इथे मोजायची ती चुकलेली बिलं. त्यांची मर्यादा वर्षाच्या सुरुवातीला लिहून ठरवावी. ती ओलांडली की व्हॉट्सॲपचं बटण, नवा डॅशबोर्ड, सगळं थांबवावं. कायद्याने आणलेला बदल तेवढा वगळावा. आणि थांबा म्हणण्याचा अधिकार विक्री विभागाकडे न ठेवता सपोर्टचे फोन घेणाऱ्यांना द्यावा, कारण चुकलेलं बिल सगळ्यांत आधी त्यांच्याच कानावर येतं.