घोड्याची चाल

वर्गात कवितांना चाली लावणारा मी आज घोड्याच्या चालीवर लिहितो आहे, हे पाहून माझे विद्यार्थी हसतील. हसोत बापडे!

२०१९ च्या दत्तजयंतीला मामांबरोबर तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो होतो. ज्या मामांनी मला शिकवले, त्यांना शेतावर जायला-यायला घोडा घेऊन द्यावा, असा माझा फार दिवसांचा मनसुबा. त्यांच्या जुन्या घोड्याने हिसके देऊन देऊन त्यांची पाठ पार खिळखिळी केली होती.

एक पांढराशुभ्र घोडा मला पाहताक्षणी आवडला. लांब आयाळ, बाकदार मान, शिवाय विकणारा म्हणाला, "साहेब, देवमण आहे!" माझा हात खिशाकडे गेला.

"थांब रे पंतोजी," मामा म्हणाले. "मला काय देवमणावर बसायचंय? पाय बघ."

मग माझी शिकवणी सुरू झाली. घोड्याचे पुढचे पाय धडाला हाडाने नव्हे, स्नायूंनी जोडलेले असतात, आणि अंगाचा सुमारे ६० टक्के भार त्यांच्यावर! खांद्याचे हाड तिरके, जमिनीशी ४५ ते ५० अंशांच्या आसपास असले, की पाय लांब पडतो. उभे असले तर पाऊल आखूड. खुराच्या लगेच वरचा भागही असाच तिरका हवा. तो स्प्रिंगचे काम करतो. तो उभा असला की प्रत्येक टापेचा दणका वर चढतो. फार लांब आणि कललेला असला तर शिरा ताणतात.

त्या पांढऱ्याचे दोन्ही भाग उभे. मामांनी त्याला समोरून चालवून घेतले. खूर बाहेर वळलेले, त्यामुळे चालताना पाय आत फिरे आणि दुसऱ्या पायाला घासू पाही.

शेवटी घेतला तो एक तांबूस, मोठ्या डोक्याचा घोडा. दिसायला यथातथाच, पण पाऊल सरळ आणि लांब.

"डोकं जरा बेढब नाही का?" मी कुरकुरलो.

"बिनखोडीचा घोडा अजून जन्मायचाय. खोड कामाच्या आड येते का, तेवढं बघावं."

पंधरा दिवसांनी मामांकडे गेलो. मामी म्हणाली, "रंगरूप काही खास नाही हो तुमच्या घोड्याचं." मामा नुकतेच शेतावरून आले होते. हसत हसत, पाठीला हात न लावता उठले आणि माझ्यासाठी स्वतः पाणी घेऊन आले.