‘हे तर ग्रीकांचे’ एवढ्यावर वाद संपत नाही

तसव्वुफवर दोन तरुण बोलायला बसले की थोड्याच वेळात एक वाक्य ठरलेले असते: “हे इस्लामचे नाहीच, हे ग्रीकांकडून आले आहे.” बहुतेक वेळा ते मोबाइलवरच्या एखाद्या छोट्या क्लिपमधून आलेले असते. समोरचा एकतर गप्प बसतो किंवा चिडतो. आमच्या भोरमध्ये हे मी वारंवार ऐकतो. हे वाक्य निम्मे खरे आहे. पण वाद संपवण्यासाठी ते वापरले जाते तेव्हा नुकसान आपलेच होते, असे मला वाटते.

आधी त्यातले खरे काय ते पाहू. प्लोटायनस हा तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ. तो अलेक्झांड्रियात शिकला आणि रोममध्ये शिकवू लागला. इराणी आणि हिंदुस्थानी तत्त्वज्ञान समजून घ्यावे म्हणून २४३ साली तो सम्राट गॉर्डियनच्या इराणवरच्या मोहिमेत सामील झाला होता. मोहीम फसली आणि तो इकडे पोहोचलाच नाही. इ.स. २७० मध्ये तो वारला. त्याचे ५४ निबंध शिष्य पॉर्फिरीने सहा गटांत, प्रत्येकी नऊ असे लावले. त्याचा विचार थोडक्यात असा: सर्वांच्या मुळाशी ‘एक’ आहे. सूर्यातून प्रकाश यावा तशी त्या एकातून बुद्धी, बुद्धीतून आत्मा आणि आत्म्यातून हे दिसणारे जग आले. माणसाच्या आत्म्याने याच पायऱ्या उलट चढत मूळ एकाकडे परतायचे. प्लेटोच्या विचाराला दिलेल्या या नव्या रूपाला नवप्लेटोवाद म्हणतात.

हा विचार नवव्या शतकात बगदादला पोहोचला, तोही चुकीच्या नावाने. हिम्सच्या इब्न नाइमा या ख्रिस्ती अनुवादकाने प्लोटायनसचे काही निबंध अरबीत आणले. खलिफा मुअतसिमचा मुलगा अहमद याच्यासाठी अल-किंदीने त्या अनुवादावर हात फिरवला. पुस्तकाला नाव पडले ‘अ‍ॅरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र’. म्हणजे लेखक बहुदेववादी जगातला, अनुवादक ख्रिस्ती, संपादक मुसलमान आणि नाव भलत्याच माणसाचे! पुढे फाराबीने याच धर्तीवर विश्वाची रचना मांडली, इब्न सीनाने या पुस्तकावर टिपणे लिहिली आणि बसऱ्याच्या इख्वान अस-सफा या मंडळींनी आपल्या ५२ पत्रांत हीच पायऱ्यांची कल्पना वापरली.

मग प्रश्न उरतो तो तौहीदचा, आणि तो छोटा नाही. कुरआनमधला अल्लाह आपल्या इच्छेने जग निर्माण करतो. प्लोटायनसच्या ‘एका’तून जग आपोआप ओसंडते, तिथे इच्छेला जागा नाही. हा फरक ज्याने ओळखला आणि जाहीरपणे मांडला, त्या इमाम गझाली (रह.) यांचा दाखला क्लिपवाले नेहमी देतात. पण गझालींनी काम कसे केले, हे कुणी सांगत नाही. त्यांनी आधी ‘मकासिद अल-फलासिफा’ लिहून तत्त्वज्ञांचे म्हणणे नीट मांडले. ते इतके नीट होते की लॅटिन अनुवाद वाचणाऱ्या युरोपीय विद्वानांना गझाली स्वतःच त्या पंथाचे वाटले. त्यानंतर १०९५ च्या सुमारास ‘तहाफुत अल-फलासिफा’मध्ये त्यांनी वीस मुद्दे तपासले. त्यातल्या तीनच मुद्द्यांवर त्यांनी कुफ्रचा निर्णय दिला: जग अनादि असणे, अल्लाहला बारीकसारीक गोष्टींचे ज्ञान नसणे आणि कयामतला शरीर पुन्हा न उठणे. बाकी सतरा मुद्दे त्यांनी चुकीचे ठरवले, पण तेवढ्यावरून कुणाला इस्लामबाहेर काढले नाही. तर्कशास्त्र तर त्यांनी आवश्यकच मानले. ‘मिश्कात अल-अन्वार’मध्ये ते प्रकाशाच्या पायऱ्यांविषयी लिहितात, तेव्हा तो जुना धागा तिथेही दिसतो. पुढच्या शतकात इब्न रुश्द यांनी त्यांना ग्रंथानेच उत्तर दिले. वाद पुस्तकाला पुस्तकाने झाला.

आता हे सगळे बगदादचे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध खानदेशापर्यंत येतो. रावेरच्या पलीकडे, तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. तिथल्या मुहम्मद बिन फजलुल्लाह यांनी १५९० मध्ये ‘अत-तुहफा अल-मुरसला’ हा छोटासा अरबी ग्रंथ लिहिला. १२४० मध्ये दमास्कसला वारलेल्या इब्न अरबींचा ‘वहदत अल-वुजूद’ त्यांनी सात पायऱ्यांत बसवला: अहदियत, वहदत, वाहिदियत, मग रूहांचे जग, मिसाल, शरीरांचे जग आणि शेवटी इन्सान. प्लोटायनसच्या जिन्याचा घाट त्यात ओळखू येतो. पण शब्द, पुरावे आणि हेतू इस्लामी परंपरेतले आहेत. हा ग्रंथ समुद्र ओलांडून सुमात्रा आणि जावापर्यंत गेला. तिथे ‘सात मरातिब’ हा तसव्वुफचा मोठा विषय बनला.

पुढे जे घडले ते मला आजच्यासाठी महत्त्वाचे वाटते. सुरतेजवळच्या रांदेरचे नूरुद्दीन रानिरी १६३७ मध्ये सुमात्रातल्या आचेला गेले आणि सुलतानाच्या आश्रयाने तिथे मोठे आलिम झाले. सात मरातिबांचा तिथे लावलेला अर्थ त्यांना गुमराही वाटला. त्यांनी खंडनाचे ग्रंथ लिहिले, पण तेवढ्यावर ते थांबले नाही. आधीच्या सूफींची पुस्तके जाळली गेली आणि त्यांच्या अनुयायांना देहदंड झाला. काही वर्षांनी तिकडच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न मदिनेत इब्राहीम अल-कुरानी यांच्यापुढे ठेवला. कुरानींनी ‘तुहफा’वर सविस्तर भाष्य लिहिले, ग्रंथातले म्हणणे कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात कसे समजावे, हे दाखवले. एकाच छोट्या पुस्तकाला मिळालेली ही दोन उत्तरे. आपण कुणाच्या वाटेने जायचे, हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे.

इथे आपल्या परिसराकडे या. पुण्याहून भोरला येताना कापूरहोळच्या आधी शिवापूर लागते. तिथल्या कमरअली दरवेश यांच्या दर्ग्याचे नाव काढले की लोकांना आठवतो तो दगड: अकरा जणांनी एकेक बोट लावून, बाबांचे नाव घेत उचलायचा. एक गट दगड उचलून व्हिडिओ काढतो, दुसरा त्याला शिर्क म्हणून मोकळा होतो. दरवेश म्हणजे कोण, त्याची वाट कोणती, त्या वाटेबद्दल आलिमांमध्ये कोणते वाद झाले, हे दोन्ही गटांत कुणी विचारत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचेही तेच. सतराव्या शतकातल्या या कादरी सूफीने ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, मन आणि अहंकाराशी चालणाऱ्या लढाईवर. त्यांचे स्थान दर्गा की मंदिर, यावर मोर्चे निघतात. ग्रंथ उघडणारे थोडे.

मी कुणाला वहदत अल-वुजूद मान्य करा म्हणत नाही. मला स्वतःला गझालींचे आक्षेप वजनदार वाटतात. पण एखादा विचार कुठून आला, एवढ्यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. ‘ग्रीकांचे म्हणून टाका’ हा नियम लावला तर आपल्या फिकहच्या आणि कलामच्या पुस्तकांतले तर्कशास्त्रही टाकावे लागेल. शिवाय हाच नियम उद्या उलटा फिरतो. ‘इस्लामच बाहेरून आला, तुम्हीही बाहेरचे’ हे आपल्याला ऐकवले जाते, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार? उगम विचारून माणूस किंवा विचार बाद करण्याची सवय आपण घरात पोसली, तर बाहेर तिच्याविरुद्ध बोलण्याचा आपला हक्क कमजोर होतो.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक गावात पाच-सहा जणांनी, मुलीही त्यात हव्यात, महिन्यातून एकदा बसावे. रा. चिं. ढेऱ्यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ आणि सेतुमाधवराव पगडींचे सूफी संप्रदायावरचे पुस्तक मराठीतच आहे; उर्दू किंवा अरबी येत नाही ही सबब चालणार नाही. गझालींची शिस्त पाळावी: आधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडायचे, मगच खंडन करायचे. ज्याला हे जमेल त्याने तसव्वुफ खुशाल नाकारावा. त्याचा नकार निदान ऐकण्याजोगा असेल.