जमिनीला टेकलेल्या गाड्या

खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजण्याचा प्रघात जुना आहे. दसऱ्याच्या सकाळी दारातील मोटारीला झेंडूची माळ घालण्याचा प्रघात त्या मानाने अलीकडचा, पण आता तितकाच रुजलेला. ज्या यंत्राच्या हवाली आपण वर्षभर घरची माणसे करतो, त्याला एक दिवस नमस्कार करावा, ही भावना आम्हांसही पटते. मात्र या रांगेत अलीकडे काही गाड्या अशा दिसतात की, त्यांच्या बंपरला बांधलेली माळ जमिनीवर लोळत असते. माळ लांब झालेली नसते. गाडीच मुद्दाम खाली उतरवलेली असते.

हौसेला आमची ना नाही. शर्यतीची मोटार बुटकी असते ती केवळ दिमाखासाठी नव्हे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. परंतु तिचे स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि चाकांची मांडणी त्या उंचीसाठीच घडवलेली असते, आणि धावपट्टीही सपाट असते. आपल्याकडचा स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचे एकदोन वेढे कापून टाकणे. गॅस कटरने कापले तर त्या जागी पोलादाचे पाणी उतरते. उरलेले स्प्रिंग ताठ होते, पण दबायला जागा कमी उरते. चाक खड्ड्यात लोंबकळले की कापलेले टोक बैठकीतून निसटण्याचा संभव असतो. चाकांचा कल बदलून टायर आतल्या कडेने झिजतात, आणि ती झीज उभ्या माणसाला दिसत नाही.

आता गतिरोधकांचे पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली मोटार त्याच्या मधोमध आली, तरी चारही चाके उंचवट्यावरच असतात. म्हणून पोटाखाली पाच सेंटिमीटरांहूनही कमी जागा लागते. पण गल्लोगल्ली रातोरात उगवणारे डांबराचे बांध असतात अरुंद आणि उभट. पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात, आणि बांधाची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. रिकाम्या साध्या मोटारीखाली सोळा-सतरा सेंटिमीटर मोकळी जागा असते. पाच माणसे आणि सामान चढले की तीही घटते. त्यातून आणखी पाच सेंटिमीटर कापून घेतल्यावर काय उरते, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. असे बांध घालणाऱ्यांना आणि ते राहू देणाऱ्यांना आम्ही दोषमुक्त करीत नाही. पण आजचा रस्ता तो आहे.

चेंबर फुटला तर मालकाचे इंजिन जाते. ते त्याचे नुकसान. सांडलेल्या तेलावरून घसरतो तो मात्र मागचा दुचाकीस्वार. पोट घासू नये म्हणून अशी गाडी बांधाजवळ एकाएकी थबकते, आडवी होऊन तिरकी उतरते. तिची उंची मागून येणाऱ्याला ठाऊक नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तथापि कर्कश सायलेन्सर चौकातल्या शिपायाला ऐकू येतो. कापलेले स्प्रिंग आवाज करीत नाही.

आज चाकाखाली लिंबू ठेवायला वाकाल, तेव्हा जरा अधिक वाकावे. चेंबरवर ताजे ओरखडे आहेत का, ब्रेकच्या नळीशी ओल आहे का, टायरच्या आतल्या कडेला तारा दिसतात का, एवढे पाहून मग माळ घालावी.