प्रद्न्या की प्रग्या?

भोपाळला साकेत नगरात माझी मावसबहीण राहते. एम्स आहे तोच भाग. गेल्या खेपेला तिच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा घेत बसलो होतो, तोच खालून कुणीतरी हाक मारली, "प्रग्याऽऽ!" आणि माझी भाची आतून ओरडली, "आ रही हूँ!"

मला राहवलं नाही. गॅलरीतून वाकून त्या मुलाला माझ्या गोवेकरी हिंदीत सांगितलं, "बेटा, प्रग्या नहीं, प्रद्न्या." त्याने बिचाऱ्याने दोनदा प्रयत्न केला. जीभ अडखळली तसा ओशाळून हसला. भाची मात्र माझ्यावर चिडली. "मामा, तो प्रग्या म्हणतो तेव्हाही 'ओ' मीच देते ना?"

गंमत अशी की दारावरच्या पाटीवर तिचं नाव देवनागरीत आहे. प्रज्ञा. तो मुलगा तेच वाचतो, मीही तेच वाचतो. लिपी एक, अक्षरं तीच, तरी दोन नावं! ऋकाराचंही तसंच. आपण 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि'. म्हणून रोमीत आपली अमृता खानविलकर 'अम्रुता' होते आणि अमृता प्रीतम 'अम्रिता'.

बरं, यात आपलंच खरं म्हणावं, तर तशीही सोय नाही. 'ज्ञ' म्हणजे मुळात ज आणि ञ यांचं जोडाक्षर. आपण त्याचं 'द्न्य' केलं, हिंदीने 'ग्य', गुजरातीने 'ग्न'. मूळचा उच्चार कुणाच्याच तोंडी राहिला नाही. मग मी त्या पोराला कुठल्या तोंडाने शिकवत होतो?

इंग्रजांचीही यातून सुटका नाही. त्यांची तर भाषाही एक. 'बर्नार्ड' नावात ब्रिटिश माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो, अमेरिकन दुसऱ्यावर. ब्रिटिशांचा 'मॉरिस' अमेरिकेत बहुधा 'मोरीस' होतो, आणि लंडनचा 'अँटनी' तिकडे 'अँथनी'. तरी दोघांचं स्पेलिंग तेच राहतं, त्यामुळे कागद बदलावा लागत नाही. आपलं तसं नाही. आपण देवनागरीत एक लिहितो आणि रोमीत जसं ऐकू येतं तसं लिहितो. खरी भानगड तिथे सुरू होते.

आम्हा गोवेकरांना ही भानगड जुनी आहे. पोर्तुगीज काळातल्या कागदांत शंकराचा 'श' एक्सने लिहीत, कारण पोर्तुगीजांचा एक्स म्हणजे 'श'. म्हापशाजवळ आसगावला ज्ञानप्रसारक मंडळाचं कॉलेज आहे. त्याचं रोमी स्पेलिंग नीट बघा. सुरुवात डी-एनने, म्हणजे मराठी 'द्न्य', आणि 'प्रसारक'मध्ये एस दोनदा. दोन स्वरांमधला एकच एस पोर्तुगीज माणूस 'झ' असा वाचतो, म्हणून दोन. एका नावात दोन भाषांचे कान!

तर आमच्या भाचीची अडचण अशी. बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून जन्मदाखला गोव्याचा. त्यावर 'प्रद्न्या'. शाळा भोपाळची, तिथल्या सगळ्या गुणपत्रिकांवर 'प्रग्या'. आता पासपोर्ट काढायचा, तर सरकारच्या लेखी या दोन मुली! मी स्वतः कारकून. असे दोन दाखले हातात घेऊन, अॅफिडेव्हिट कुठे करायचं ते विचारणारी माणसं मी रोज पाहतो. कुणाचीच चूक नसते. ज्याने लिहिलं, त्याने आपल्या कानाला स्मरून लिहिलेलं असतं.

बहिणीचा जीव 'प्रद्न्या'त अडकलेला. नाव तिच्या सासऱ्यांनी ठेवलेलं. 1956 साली भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून जी सरकारी माणसं इकडे आली त्यांतले ते. माझ्याच पेशातले. घरात मराठीच बोलायची, हा त्यांचा दंडक. ते गेले, पण दंडक राहिला. "दादा, तूच सांग हिला," बहीण म्हणाली. भाची गप्प राहून माझ्याकडे बघत होती.

मी सांगितलं, "प्रग्या कर." बहिणीचा चेहरा पडला. मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण ज्या नावाने ती शिकली, ज्या नावाला ती 'ओ' देते, ते तिचं नाव. ते ठरवायचा हक्क तिचा. माझा नाही, आईचा नाही आणि टेबलामागे बसलेल्या कारकुनाचा तर मुळीच नाही.

राहता राहिली मराठी. पासपोर्टवर ठसठशीत 'प्रद्न्या' आणि तोंडात मराठीचा एक शब्द नाही, हे मला जास्त बोचलं असतं. ही पोरगी माझ्याशी भांडली तीसुद्धा मराठीत! सासऱ्यांनी जे राखलं ते हे.

असो. निघताना स्टेशनवर तिला म्हटलं, "येतो गं, प्रग्या." तर फणकाऱ्याने म्हणते कशी, "मामा, तुम्ही नाही हं तसं म्हणायचं!"