पेन्सिलीची घाई

19 एप्रिल ही ताराबाई मोडक यांची जयंती. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवले, 1945 मध्ये बोर्डीला केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ठाण मांडले. वारली पाड्यांवरची मुले शाळेकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शिंपले, पाने आणि खडे यांनी घेतली. हे सारे वेचताना, निवडताना बोटांची जी तयारी होते, ती आजच्या नर्सरीच्या वेळापत्रकात शोधूनही सापडत नाही.

तिथे तीन वर्षांच्या मुलापुढे थेट वही येते. ते पेन्सिल मुठीत आवळते, रेघ ओढताना अख्खा दंड हलतो, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावते आणि टोक मोडते. यात मुलाचे काही चुकत नाही. हालचालींवरचा ताबा आधी खांद्याला येतो, मग कोपराला, मनगटाला आणि अगदी शेवटी बोटांना. या वयात मनगटातली बरीचशी हाडे अजून कूर्चाच असतात. तीन बोटांच्या चिमटीत पेन्सिल सहज फिरायला बहुतेकांना पाचवे-सहावे वर्ष उजाडते. तोवर खांदे तयार होतात ते झाडाला लोंबकळून, बोटे कणीक तिंबून आणि मटार सोलून, तोल लंगडी घालून. हे टाळून बाई हात धरून गिरवून घेतात. वहीवर उमटते ते बाईंचे अक्षर, आणि त्याचाच फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान 180 मिनिटे हालते राहावे, त्यातली 60 मिनिटे चांगली धाप लागेपर्यंत. स्क्रीनसमोर बसणे एका तासाच्या आतच असावे. (आपल्याकडे मोबाइल लावल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही, त्यामुळे हा तास दुपारच्या वरणभातातच खर्ची पडतो.)

पालकांना बोल लावणे सोपे आहे. पण खाली पार्किंग, बाहेर रहदारी, अशा घरातल्या मुलाने धावावे कुठे? निदान बालवर्गात तरी मोकळी जागा हवी. 2009 चा शिक्षणहक्क कायदा शाळेसाठी मैदान आवश्यक मानतो. मात्र त्याचा हक्क सहा ते चौदा वयाचा. ज्यांना धावण्याची सर्वाधिक गरज, ती तीन ते सहाची मुले नेमकी त्याबाहेर राहिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने याच वयापासून खेळातून शिकण्याचा पुरस्कार केला खरा, पण इमारतीतल्या दोन खोल्यांत बाके मांडून चालणाऱ्या नर्सरीला त्याने काय फरक पडतो?

खासगी बालवर्गांसाठी मोकळ्या जागेची अट सरकारने सक्तीची करावी. जागा नसेल, तर मुलांना रोज जवळच्या बागेत नेण्याची लेखी हमी घ्यावी. अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरत असेल, तर शेजारच्या प्राथमिक शाळेचे मैदान तिला ठरावीक तासापुरते मिळावे. त्याला वेगळा निधी लागत नाही. आणि जूनच्या प्रवेशासाठी चौकशा करणाऱ्या आईबाबांनी वह्यांचे नमुने मागण्याआधी मुले खेळतात ती जागा पाहून घ्यावी. फीचे त्यानंतर बोलता येईल.